फण्यापुढचा हात मागे घ्या

पाऊस सुरू झाला की सोलापूरच्या शुक्रवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत साप निघू लागतात. एकदा साप निघाला की पुढचे सगळे ठरलेले असते. घरातली माणसे पोराबाळांना घेऊन बाहेर येतात, बोळ गर्दीने भरतो, कोणीतरी ओळखीच्या सर्पमित्राला फोन लावतो. थोड्या वेळात मोटारसायकलवरून एक तरुण येतो. पायात चप्पल, अंगात टी-शर्ट, हातात फार तर एक वाकडी सळई. तो वाकून सापाची शेपटी धरतो, साप उचलतो आणि गर्दीसमोर धरून उभा राहतो. मोबाईल वर होतात. ‘अजून जरा वर घे, फणा दिसू दे,’ असा आवाज येतो. तो घेतो. टाळ्या पडतात आणि संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत शहरभर फिरते. यात कोणालाच काही वावगे वाटत नाही, ही खरी चिंतेची बाब आहे. विषारी साप उघड्या हाताने धरण्याचा हा प्रकार सोलापुरात तातडीने बंद झाला पाहिजे. ती जबाबदारी वन विभागाची आहे, महापालिकेची आहे आणि बघ्यांच्या गर्दीत उभ्या असलेल्या आपल्या प्रत्येकाची आहे.

हे कशासाठी लिहावे लागते, ते समजण्यासाठी मध्य प्रदेशातील गुणा जिल्ह्याकडे पाहावे. जुलै २०२५ मध्ये राघोगड परिसरातील एका अनुभवी सर्पमित्राने नाग पकडला. त्याच वेळी मुलाला शाळेतून आणायची वेळ झाली. नाग बरणीत बंद करण्याऐवजी त्याने तो गळ्यात घातला आणि मोटारसायकलला किक मारली. वाटेत नाग हाताला डसला. रुग्णालयात उपचार झाले, बरे वाटू लागले, माणूस घरी परतला. रात्री प्रकृती बिघडली आणि तो गेला. गळ्यात नाग घालून गाडीवर बसलेल्या त्या माणसाची चित्रफीत देशभर पाहिली गेली. त्याने अनेक वर्षे साप पकडले होते, अनेकांच्या घरातले भय दूर केले होते. अनुभव कमी पडला म्हणून तो मेला नाही. अनुभवाने भीती संपवली आणि भीतीबरोबर सावधपणाही संपला, म्हणून तो मेला.

त्याआधी ३१ जानेवारी २०२२ रोजी केरळमधील कोट्टायम जिल्ह्यात वावा सुरेश यांना नाग डसला होता. दूरचित्रवाणीमुळे घराघरांत पोचलेला, हजारो साप पकडलेला हा माणूस. पकडलेला नाग पोत्यात सोडत असताना नागाने त्यांच्या मांडीचा चावा घेतला. कृत्रिम श्वसनयंत्रावर राहून ते वाचले, ते कोट्टायमच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांच्या शर्थीमुळे. हाताने साप पकडण्यात देशात ज्याच्याइतका सराव क्वचित कोणाला असेल, त्याची ही गत. मग मोबाईलवर चार चित्रफिती पाहून शिकलेल्या आपल्या पेठेतल्या पोराचे काय होईल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

उघडा हात सापापुढे का हरतो, हेही नीट समजून घेतले पाहिजे. महाराष्ट्रात माणसाच्या जिवावर उठणारे साप मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. चौघांची रीत वेगळी. नाग फणा काढून आधी इशारा देतो. उभ्या फण्यावरून तो पुढे आणि खाली झेपावतो, त्यामुळे त्याचा पल्ला काही प्रमाणात ओळखता येतो. हा अंदाज येऊ लागला की पकडणाऱ्याच्या मनात खोटा विश्वास तयार होतो आणि तोच विश्वास घेऊन तो दुसऱ्या दिवशी घोणसापुढे बसतो. घोणस फणा काढत नाही. वेटोळे घालून कुकरच्या शिट्टीसारखा लांब फूत्कार सोडतो, सुस्त पडल्यासारखा दिसतो आणि डोळ्याचे पाते लवण्याआधी वार करतो. वार कोणत्या दिशेने येईल, ते सांगता येत नाही. शेपटीला धरून उचललेला जाड, ताकदवान घोणस अंग वळवून हातापर्यंत पोचतो. मानेशी धरला तरी सुरक्षित नाही, कारण त्याचे लांब विषदंत जबड्यात मागेपुढे हलतात आणि तोंड वाकडे करून ते धरणाऱ्याच्या बोटात रुतवणे त्याला जमते. फुरसे वीतभर असते म्हणून दोन बोटांत धरण्याचा मोह होतो. अंगावरचे खवले एकमेकांवर घासून ते करकर आवाज करते, तो इशाराच असतो. मण्यार तर दिवसा मऊ पडून असते, डोके वेटोळ्यात लपवते, हातात घेतली तरी काही करत नाही असे वाटते. रात्री तीच मण्यार वेगळी असते.

मण्यारीबाबत आणखी एक घात होतो, तो ओळखण्यातला. आपल्याकडे घराघरांत निघणारा कवड्या हा बिनविषारी साप. काळसर अंगावर पांढरे आडवे पट्टे, रात्री फिरणारा, पालींच्या मागे भिंतीवर चढणारा. मण्यारही काळी, तिच्याही अंगावर पांढरे पट्टे. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक असतात आणि शेपटीकडे फिके होत जातात. मण्यारीचे पट्टे डोक्यामागे बरेच अंतर सोडून सुरू होतात, बहुधा जोडीजोडीने असतात आणि शेपटीकडे अधिक स्पष्ट होतात. पाठीच्या मधोमध षटकोनी खवल्यांची ओळ असते. हे सगळे दिव्याच्या उजेडात, शांतपणे, लांबून पाहिले तर कळते. अडगळीच्या खोलीत, टॉर्चच्या झोतात, मागे पन्नास माणसे ओरडत असताना कळत नाही. घोणसाला अजगराचे पिल्लू किंवा डुरक्या समजून उचलणाऱ्यांचीही हीच गोष्ट.

‘आम्हाला सगळे साप ओळखता येतात,’ असे छातीठोक सांगणाऱ्यांनी ज्यो स्लोविन्स्की या अमेरिकी शास्त्रज्ञाचा मृत्यू आठवावा. कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेस या संस्थेतले ते सर्पतज्ज्ञ. मण्यारीच्या कुळाचा त्यांचा विशेष अभ्यास होता. ११ सप्टेंबर २००१ रोजी म्यानमारच्या उत्तर भागातील जंगलात सहकाऱ्याने त्यांच्यापुढे एक पिशवी धरली. आत कवड्यासारखा दिसणारा बिनविषारी साप आहे, असा समज होता. स्लोविन्स्की यांनी पिशवीत हात घातला आणि छोटासा साप त्यांच्या बोटाला डसला. तो मण्यारीच्या जातीचा होता. श्वास बंद पडत गेला, सहकाऱ्यांनी रात्रभर तोंडाने श्वास दिला, खराब हवेमुळे मदतीचे हेलिकॉप्टर पोचू शकले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. सापांवर आयुष्य घालवलेल्या अभ्यासकाचा जीव न पाहता घातलेल्या एका हातामुळे गेला. ज्ञान कितीही असो, हात आणि साप यांच्यात अंतर नसेल तर ज्ञानाला वेळच मिळत नाही.

दंश झाल्यावर शरीरात काय होते, ते आता पाहू. नागाच्या आणि मण्यारीच्या विषाने मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला संबंध तुटतो. पापण्या जड होतात, जीभ अडखळते, थुंकी गिळता येत नाही आणि अखेर श्वासाचे स्नायू थांबतात. मण्यारीचा दंश तर अनेकदा जाणवतही नाही, दाताची खूण दिसत नाही, पहाटे पोटात दुखू लागते एवढेच. घोणसाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया कोलमडते. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाते आणि मूत्रपिंडे निकामी होतात. जो वाचतो त्यालाही कित्येकदा डायलिसिसच्या खाटेवर दिवस काढावे लागतात. बोटाला दंश झाला तर मांस सडते आणि बोट कापावे लागते. उघड्या हाताने साप धरणाऱ्याला दंश होतो तो बहुतेक बोटाला आणि तळव्यालाच. यंत्रमागावर, शिलाईवर किंवा विडीवर पोट असलेल्या सोलापूरच्या घरात उजव्या हाताचे बोट जाणे म्हणजे रोजगार जाणे.

यावर औषध एकच, प्रतिविष. त्याचे साधे गणित ध्यानात ठेवण्याजोगे आहे. भारतात मिळणाऱ्या प्रतिविषाची दहा मिलिलिटरची एक कुपी घोणसाचे साधारण सहा मिलिग्रॅम विष निकामी करते. घोणस एका दंशात सरासरी त्रेसष्ट मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडतो. म्हणून उपचार सुरू होतो तोच आठ-दहा कुप्यांनी, आणि पुढे आणखी लागू शकतात. प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून बनते, त्यामुळे त्याची तीव्र ॲलर्जी येऊ शकते. वारंवार दंश झालेल्या आणि वारंवार प्रतिविष घेतलेल्या माणसाला तो धोका अधिक. काहींना सापाच्या विषाचीच ॲलर्जी जडते. ‘मला दहा वेळा चावलाय, आता शरीराला सवय झाली,’ ही फुशारकी म्हणून अंगावर शहारे आणणारी आहे. कित्येकदा साप चावतो पण विष सोडत नाही. अशा कोरड्या दंशातून वाचलेला माणूस स्वतःला विषापलीकडचा समजू लागतो. मांत्रिकाचे नाव होते तेही याच कोरड्या दंशांवर.

देशाचे चित्र याहून विदारक आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. या मृतांमध्ये बहुतांश शेतकरी, मजूर आणि त्यांची मुले आहेत. त्यांनी साप हातात घेतला नव्हता. पाय पडला, हात लागला, झोपेत दंश झाला. प्रतिविषाची प्रत्येक कुपी अशा माणसासाठी हवी आहे. चित्रफितीच्या हौसेपायी ओढवून घेतलेल्या दंशावर दहा-वीस कुप्या खर्ची पडाव्यात, याचे समर्थन कसे करणार?

इथे एक गोष्ट आम्ही स्पष्ट करू इच्छितो. हा अग्रलेख सर्पमित्रांविरुद्ध नाही. साप दिसला की काठी, हीच एकेकाळी महाराष्ट्राची रीत होती. ती बदलली ती याच कार्यकर्त्यांमुळे. १९८० मध्ये नीलिमकुमार खैरे यांनी पुण्यात काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काढले आणि डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे लोकांना डोळ्यांनी पाहायला लावले. पुढे कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले आणि गावोगावच्या तरुणांनी त्यापासून प्रेरणा घेतली. पण त्या ७२ तासांचा धडा कोणता होता? सापाला त्याच्या जागी राहू द्या, हालचाल करू नका, छेडू नका. आज चित्रफितीत जे चालते, म्हणजे शेपटी ओढणे, फण्यापुढे हात नाचवणे, नागाच्या डोक्याचे चुंबन घेणे, ते त्या धड्याच्या थेट उलट आहे. सापाला डिवचायचे, त्याचा संताप कॅमेऱ्यात घ्यायचा आणि त्याला सर्पसेवा म्हणायचे, हे सर्पमैत्रीत बसत नाही.

परंपरेचा दाखलाही दिला जातो. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची नागपंचमी सर्वांना ठाऊक आहे. जिवंत नाग पकडून त्यांची पूजा करण्याची तिथली प्रथा उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर थांबली. २०२५ मध्ये केंद्र सरकारने शैक्षणिक कारणासाठी, अटी घालून, २१ नाग पकडण्याची परवानगी दिली. शिराळ्यातील पकडणाऱ्यांकडे पिढ्यानपिढ्यांचे ज्ञान आहे, हे मान्यच. तमिळनाडूतील इरुळा समाजाचे ज्ञान तर त्याहून मोठे. १९७८ मध्ये चेन्नईजवळ स्थापन झालेली त्यांची सहकारी संस्था परवान्यानिशी साप पकडते, विष काढून ते प्रतिविष बनवणाऱ्यांना देते आणि सापांना पुन्हा रानात सोडते. या समाजातील मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. इरुळांच्या या कामावर देशातले लाखो जीव उभे आहेत. पण तिथे लहानपणापासून रानात घेतलेले शिक्षण आहे, शासनाचा परवाना आहे आणि हेतू जीव वाचवण्याचा आहे. शुक्रवार पेठेतल्या बोळात यातले काय असते?

मग खरे कौशल्य कशाला म्हणायचे? ते पाहायचे असेल तर प्रशिक्षित माणूस नाग कसा पकडतो, ते पाहावे. आल्याबरोबर तो आधी सापाकडे जात नाही. घरातल्यांना विचारतो, साप कुठे शिरला, कोणाला चावला तर नाही ना. गर्दी मागे हटवतो, दार मोकळे ठेवतो, एका माणसाला सापावर नजर ठेवायला सांगतो. पायात घोट्याच्या वर येणारे बूट असतात. मग कापडी पिशवीच्या तोंडाला प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा घट्ट बांधून ती भिंतीच्या कडेला जमिनीवर ठेवतो. लांब हुकाने सापाला हळूच त्या दिशेला वळवतो. घाबरलेल्या सापाला अंधार आणि बीळ हवे असते. पाइपाचे काळे तोंड दिसले की तो आपणहून आत सरकतो आणि पिशवीत जाऊन वेटोळे घालतो. पाइप बाजूला होतो, पिशवीला पीळ पडतो, गाठ बसते. हात आणि सापाच्या तोंडात शेवटपर्यंत हुकाच्या लांबीएवढे अंतर. हे सगळे काही मिनिटांत, आवाज न करता होते. कॅमेऱ्यासाठी यात काहीच नसते, म्हणून याच्या चित्रफिती कोणी पाहत नाही. पण पिशवी बांधून झाल्यावर सापाची बरगडी मोडलेली नसते आणि माणूस घरी जातो. सापापासून हात लांब ठेवता येणे, यालाच कौशल्य म्हणतात.

कायदाही या बाबतीत संदिग्ध नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राणी पकडणे हेही ‘शिकार’ या व्याख्येत येते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर नाग आणि घोणस पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन वर्षांची कैद आहे. माणसाच्या वस्तीत आलेला साप सुरक्षित जागी हलवणे हे वन विभागाच्या संमतीनेच होऊ शकते. पकडलेला साप चार दिवस घरी बरणीत ठेवणे, शाळेत नेऊन फिरवणे, वाढदिवसाला गळ्यात घालणे, हे सरळ गुन्हे आहेत. पकडलेला साप शहरापासून खूप दूर नेऊन सोडणेही चुकीचे. अनोळखी मुलखात तो टिकत नाही, भक्ष्य आणि आसरा शोधत भरकटतो आणि पुन्हा कोणाच्या तरी घरात शिरतो.

कायदा इतका स्पष्ट असताना त्याची अंमलबजावणी मात्र सर्पमित्राच्या मर्जीवर सोडली गेली आहे. महाराष्ट्रात हजारो तरुण हे काम करतात, पण त्यांना एकसारखे प्रशिक्षण नाही, एकसारखी साधने नाहीत आणि चावा बसला तर घरच्यांना आधार नाही. शेतात सर्पदंशाने मेलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून दोन लाख रुपये मिळतात. पण पेठेतला यंत्रमाग कामगार किंवा त्याच पेठेतला सर्पमित्र शेतकरी नसेल तर त्या योजनेत बसत नाही. जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी सर्पमित्रांना अधिकृत ओळखपत्र आणि दहा लाखांचा अपघात विमा देण्याची भूमिका मांडली. तिचे स्वागत. पण ओळखपत्र आणि विमा यांच्याआधी प्रशिक्षण आणि परीक्षा हवी. अन्यथा उघड्या हाताने साप धरणाऱ्याच्या खिशात सरकारी शिक्का गेला, एवढाच फरक पडेल.

हे अशक्य नाही, हे केरळने दाखवले आहे. तिथल्या वन विभागाने २०२० मध्ये साप पकडण्यासाठी नियमावली केली आणि ‘सर्पा’ नावाचे ॲप आणले. वन विभागाचे प्रशिक्षण घेतलेल्या, प्रमाणपत्र मिळालेल्या स्वयंसेवकालाच साप पकडता येतो, तोही हूक आणि पिशवी वापरून. नागरिकाने ॲपवर कळवले की जवळचा प्रमाणित स्वयंसेवक पोचतो आणि साप कुठे सोडला, याची नोंद राहते. महाराष्ट्रात ‘हॅलो फॉरेस्ट’चा १९२६ हा क्रमांक आहेच. त्याला अशी प्रमाणित स्वयंसेवकांची जोड देणे सोलापूरसारख्या जिल्ह्यापासून सुरू करता येईल. उसाचे प्रचंड क्षेत्र, भीमा आणि सीना यांच्या काठची गावे आणि मधोमध जुने, दाट वस्तीचे शहर. साप आणि माणूस रोज समोरासमोर येतात असा हा जिल्हा आहे.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. सोलापूर वन विभागाने जिल्ह्यातील सर्पमित्रांची नोंदणी करून त्यांना हूक आणि पिशवीच्या पद्धतीचे प्रशिक्षण द्यावे आणि जो परीक्षेत उतरेल त्यालाच ओळखपत्र द्यावे. उघड्या हाताने विषारी साप धरल्याची चित्रफीत समाजमाध्यमावर आली तर ओळखपत्र रद्द व्हावे आणि गुन्हा नोंदवावा. महापालिकेच्या अग्निशमन दलात प्रत्येक पाळीला किमान दोन प्रशिक्षित माणसे आणि पुरेशी साधने असावीत, म्हणजे रात्री दोन वाजता कोणा पोराला झोपेतून उठवण्याची वेळ येणार नाही. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, आणि तालुक्यांच्या ग्रामीण रुग्णालयांत पावसाळ्याआधी प्रतिविषाचा साठा तपासला जावा. नारायणगावच्या डॉ. सदानंद राऊत यांच्यासारख्या डॉक्टरांनी ग्रामीण भागात राहून सर्पदंशाचे रुग्ण वाचवण्याची पद्धत घालून दिली आहे. तिचा लाभ आपल्या डॉक्टरांना मिळावा.

पालिकेचे आणखी एक काम याहून जुने आणि याहून दुर्लक्षित आहे. साप पेठेत येतो तो उंदरांच्या मागे. माळवदाची घरे, दगडी भिंतींतली भगदाडे, धान्याची पोती, परसातली अडगळ, उघडी गटारे आणि वेळेवर न उचललेला कचरा यांत उंदीर पोसला जातो. उंदीर आहे तिथे धामण येते, धामणीमागोमाग नागही येतो. बोळातला कचरा रोज उचलला गेला, गटारे झाकली गेली आणि दिवे लागले, तर निम्मे फोन लागणारच नाहीत.

आता शुक्रवार पेठेतल्या आणि सोलापूरच्या प्रत्येक पेठेतल्या नागरिकांशी थोडे बोलायचे आहे. साप निघाला तर त्याच्यावर लांबून नजर ठेवा, मुलांना आत घ्या, १९२६ ला किंवा अग्निशमन दलाला कळवा. जो येईल त्याच्या हातात हूक आणि पिशवी नसेल तर त्याला साप धरू देऊ नका. फणा दाखव म्हणू नका, चित्रण करू नका. ज्या दिवशी बघ्यांचे मोबाईल खाली जातील त्या दिवशी हा खेळ निम्मा संपेल. दंश झालाच तर जखम कापू नका, चोखू नका, घट्ट दोरी बांधू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. अंगठ्या आणि बांगड्या काढा, हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, १०८ ला फोन करा आणि सिव्हिल गाठा. मेलेला साप हातात घेऊन येऊ नका, कारण तुटलेले डोकेही काही काळ चावू शकते. पावसाळ्यात जमिनीवर झोपणे टाळा, खाट आणि मच्छरदाणी वापरा. मण्यारीपासून वाचण्याचा तोच सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आणि शेवटी त्या तरुणांसाठी, जे रात्री-अपरात्री फोन आला की पैसे न विचारता धावतात. तुमच्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे. तुमच्यामुळे शेकडो साप वाचले, शेकडो घरे निर्धास्त झोपली. म्हणूनच सांगतो, हूक घ्या, पाइपाची पिशवी घ्या, बूट घाला, सोबत एकाला घ्या आणि उघड्या हाताने साप धरणे आजपासून सोडा. तुमच्या घरी आई आहे, बायको आहे, लेकरे आहेत. टाळ्या वाजवणारी गर्दी अतिदक्षता विभागाच्या दारात उभी राहायला येत नाही. तिथे घरचेच असतात. हा पावसाळा सोलापुरात एकाही सर्पमित्राचा बळी न घेता गेला पाहिजे आणि त्यासाठी लागणारे सारे काही आपल्या हातात आहे. वन विभागाने आणि महापालिकेने पहिल्या पावसाची वाट न पाहता कामाला लागावे.